परदेशी पाहुणे मराठवाड्यात येणार असतील तर: ई-व्हिसा, आगमन कार्ड आणि फॉर्म सी

वेरूळवाट (धागाकर्ता)

दिवाळी ते होळी हा आपल्याकडं परदेशी पाहुण्यांचा हंगाम. कुणी अजिंठा-वेरूळला येतं, कुणी नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला, तर कुणाच्या घरच्या लग्नाला विलायतेतले सोयरे येतात. लॉजवाले, घरी उतरवून घेणारे, बोलावणारे, सगळ्यांचे प्रश्न तेच ते असतात, म्हणून हा धागा काढला. ज्याला जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहावं. 'एकानं सांगितलं होतं' नको.

आधी एक घोळ मिटवू. काम एक नाही, तीन आहेत, आणि एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. निघण्याआधी व्हिसा. विमान उतरण्याआधीच्या ७२ तासांत आगमन कार्ड. आणि पाहुणा मुक्कामाला पोचला की २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडं उतरल्याची ऑनलाइन नोंद. पहिली दोन पाहुण्याची, तिसरं उतरवून घेणाऱ्याचं, म्हणजे तुमचं.

पर्यटकाचा ई-व्हिसा तीन मुदतींचा मिळतो: ३० दिवस, १ वर्ष, ५ वर्षं. ३० दिवसांच्या व्हिसावर दोनदा प्रवेश मिळतो, बाकी दोन्हींवर कितीही वेळा. ३० दिवसांचा अर्ज येण्याच्या तारखेआधी ३० दिवसांत करायचा, त्याआधी घेतच नाहीत. लांबच्या दोन्हींचा १२० दिवस आधीपासून करता येतो. अलीकडची हद्द ४ दिवसांची. पण शेवटच्या ४ दिवसांवर ठेवू नका. फोटो परत मागितला की तेवढ्यात विमान जातं.

पासपोर्ट उतरण्याच्या दिवसापासून किमान ६ महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट जवळ ठेवायचं. बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र अर्ज. आईच्या पासपोर्टवर नाव चढवलेलं असलं तरी ई-व्हिसाला ते चालत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' वर संपला पाहिजे. शोधयंत्रात वर येणाऱ्या कितीतरी जागा दलालांच्या असतात. सरकारी वाटावीत अशी सजवलेली, आणि पैसे दुप्पट-तिप्पट. बहुतेक देशांना ३० दिवसांच्या व्हिसाला एप्रिल ते जून १० डॉलर आणि जुलै ते मार्च २५ डॉलर पडतात. वर्षाचा ४०, पाच वर्षांचा ८०. बँकेचं शुल्क वेगळं, आणि देशानुसार दर बदलतो. ९० डॉलर मागत असतील तर तुम्ही चुकीच्या दारात आहात. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत येत नाहीत.


गोदाकाठ

नांदेडकडून थोडी भर. अर्ज अडकतात ते दोन गोष्टींवर, फोटो आणि नाव.

फोटो चौकोनी हवा, म्हणजे लांबी-रुंदी सारखी. जेपीईजी, १० केबी ते १ एमबी. मोबाइलचा फोटो उभा आणि ३-४ एमबीचा असतो, तो तसाच चढवला की फेकला जातो. पांढरी किंवा फिकट पाठ, चष्मा काढलेला, मागं सावली नाही, कडेला चौकट नाही. पगडीची अडचण नाही, मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे.

पासपोर्टचं पान पीडीएफ, १० ते ३०० केबी. इथं लोक फसतात. स्कॅन २ एमबीचा येतो, मग तो दाबून दाबून ३०० च्या आत आणतात आणि खालच्या दोन ओळी, त्या बाणांच्या खुणांच्या, पुसट होतात. त्या वाचता आल्या नाहीत तर अर्ज परत. रंगीत ऐवजी करडा स्कॅन करा, आकार आपोआप उतरतो. आणि ते पान व्हॉट्सॲपवर मागवायचं झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटो म्हणून आलं की आधीच अर्धं धुतलेलं असतं.

नावाचं म्हणाल तर त्याच दोन ओळी बघून भरायचं. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन बाण, मग नाव आणि मधलं नाव. सिंग किंवा कौर काही पासपोर्टांत आडनाव असतं, काहींत मधलं नाव. वर छापलेलं बघून अंदाज करू नका. दोन बाणांच्या अलीकडं जे आहे तेच आडनाव. मधलं नाव गाळायचं नाही, नावाच्या रकान्यातच पहिल्या नावापुढं लिहायचं. आडनावच नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा, ठिपका किंवा 'एनए' टाकायचं नाही.


बार्शीनाका

तारखेचं पण सांगा की. अमेरिकेतले पाहुणे महिना आधी लिहितात, आपला अर्ज दिवस आधी मागतो. ३ जुलैचा जन्म ७ मार्चचा होऊन बसतो आणि अर्ज तो मुकाट्यानं घेतो, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. १२ च्या पुढचा दिवस असेल तर निदान चूक तिथंच कळते. एकदा अर्ज सादर केला की आत बदल करता येत नाही, नवा अर्ज आणि नवे पैसे.

दुसरं, शून्य आणि 'ओ'. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात 'ओ' अक्षर नसतंच, दिसतं ते शून्य. एवढ्या एका चुकीनं मंजुरीच्या कागदावरचा क्रमांक पासपोर्टशी जुळत नाही, आणि मग विमान कंपनी तिकडंच अडवते. इथपर्यंत येऊच देत नाही.


लातूरकर_अण्णा

आमच्याकडं फेब्रुवारीत इंग्लंडचे पाहुणे येऊ लालेत, लग्नाला. मंजुरीच्या कागदावर तारीख छापलीय २० फेब्रुवारी आणि त्यांचं परतीचं विमान ५ मार्चचं. आता काय करावं म्हंता? तारीख वाढवून मिळती का?


वेरूळवाट

अण्णा, घाबरायचं कारण नाही. ३० दिवसांचा व्हिसा आहे ना? मग ती २० तारीख परत जायची नाही, आत यायची आहे. २० फेब्रुवारीच्या आत भारतात उतरलं पाहिजे, आणि ३० दिवस उतरल्या दिवसापासून मोजायचे. १५ ला उतरले तर ५ मार्च आरामात बसतं. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. काउंटर सोडण्याआधी त्यावरची तारीख वाचायची, कारण पुढचं सगळं मोजमाप त्या शिक्क्यावर आहे.

वर्षाचा किंवा पाच वर्षांचा असेल तर उलटं. तिथं मुदत मंजूर झाल्या दिवसापासून धावायला लागते, येवो न येवो. आणि पाच वर्षांचा व्हिसा आहे म्हणून पाच वर्षं राहता येत नाही. एका कॅलेंडर वर्षात सगळे मिळून १८० दिवस, त्याहून जास्त नाही.


जुनाबाजार

तारीख वाढवून मिळते. पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज दिला की होतं.


गोदाकाठ

भाऊ, ते कागदी व्हिसाचं जुनं ज्ञान आहे. ई-व्हिसा वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. अटींतच लिहिलेलं आहे. मुदत संपून राहिलं तर जाण्याआधी ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं, म्हणजे एफआरआरओचं, ऑनलाइन खातं) या संकेतस्थळावरून निर्गमन परवाना काढावा लागतो, दंड भरावा लागतो आणि पुढच्या व्हिसाला ते आडवं येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यानं मोडीत काढले. मुदतीपेक्षा जास्त राहण्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. खोट्या पासपोर्ट-व्हिसाला किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ७.

आजारपण, विमान रद्द होणं असं खरं कारण असेल तर मुदत संपायच्या आत ई-एफआरआरओवर कागद लावून कळवायचं. संपल्यावर नाही.


जुनाबाजार

बरं. मागे घेतो.


पैठणवेस

विमानतळाचं कुणी लिहिलंच नाही. ई-व्हिसा ठरवून दिलेल्या ठिकाणीच चालतो. आपल्या कामाची म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद आणि गोवा. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून हजची विमानं सुटलेली आहेत, पण नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तिथं नाही. म्हणून पाहुण्याची इमिग्रेशन मुंबईत किंवा दिल्लीत होते, आणि पुढं तो देशांतर्गत विमानानं येतो. जोडविमानाला तीन तास तरी सोडा. ई-व्हिसावाल्यांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र उतरल्यावर घेतात, रांग लांबते. सामान पण मुंबईतच सोडवून पुन्हा द्यावं लागतं. नांदेड, परभणी, लातूरसाठी हैदराबाद सोयीचं, हे पाहुण्याला तिकडं बसून कळत नाही. आपणच सांगायचं.

अर्जात उतरण्याचं ठिकाण मुंबई लिहिलं आणि नंतर हैदराबादचं तिकीट मिळालं तर चालतं, दोन्ही यादीत आहेत. परत जाताना कुठल्याही अधिकृत तपासणी नाक्यावरून जाता येतं.


बार्शीनाका

आगमन कार्डाचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून हे ऑनलाइन झालं. पूर्वी विमानात पांढरं कार्ड द्यायचे तेच. उतरण्याआधीच्या ७२ तासांत भरायचं, फुकट आहे, कुठला कागद चढवावा लागत नाही. पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक, कुठं उतरणार, का आलात, मागच्या दिवसांत कुठल्या देशांत होतात, बस. याचेही पैसे मागणाऱ्या जागा लगेच उगवल्यात, त्यांना हात जोडा. भारतीय पासपोर्टवाल्यांना हे कार्ड नाही.

भारतातला पत्ता लिहिताना पहिल्या मुक्कामाचा लिहायचा. आणि शहराचं नाव जपून. काही याद्यांत छत्रपती संभाजीनगर दिसतं, काहींत अजून औरंगाबाद. औरंगाबाद निवडलं तर राज्य महाराष्ट्र आहे ना हे बघा, बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे. धाराशिवचंही तसंच, न सापडल्यास उस्मानाबाद शोधा.


फर्दापूर_फाटा

आता फॉर्म सी. यावर जास्त लिहितो, कारण चूक झाली तर पाहुणा विमानात बसून जातो आणि नोटीस आपल्याला येते.

कुणाला लागू? हॉटेल, लॉज, होम-स्टे, धर्मशाळा, यात्री निवास, विद्यापीठाचं वसतिगृह, आणि घरी भाडं न घेता उतरवलेला पाहुणासुद्धा. 'आमचे नातेवाईक आहेत, पैसे घेत नाही' हे कारण चालत नाही. परदेशी पासपोर्ट आणि मुक्काम, एवढं पुरे. दवाखान्यात भरती परदेशी रुग्णाची माहिती दवाखान्यानं कळवायची, विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी. म्हणजे बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकणारा मुलगा सुट्टीत तुमच्या घरी चार रात्री राहिला, तर त्या चार रात्रींची नोंद तुमची.

आधी एफआरआरओच्या संकेतस्थळावर जागेची नोंदणी करायची: मालकाचं नाव, पत्ता, खोल्या, फोन. ती नोंदणी आपला परदेशी नोंदणी अधिकारी मंजूर करतो. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय. वेरूळ, खुलताबाद, फर्दापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडं. बाकी जिल्ह्यांत त्या त्या जिल्ह्याचे अधीक्षक. हद्द चुकीची निवडली की अर्ज भलत्या टेबलावर पडून राहतो आणि कुणी नाकारतही नाही. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पाहुणा यायच्या महिनाभर आधी हे उरकून घ्या. पाहुणा दारात आणि खातं मंजूर नाही, असं झालं तर २४ तासांची घड्याळ थांबत नाही. तेव्हा ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यायची आणि खातं मिळालं की ऑनलाइन भरायचंच.

फॉर्ममध्ये लागतं ते: फोटो, पासपोर्ट क्रमांक, कुठं आणि कधी दिला, संपण्याची तारीख. व्हिसाचा क्रमांक, प्रकार, मुदत. भारतात कुठून आणि कोणत्या तारखेला आला. तुमच्याकडं कोणत्या तारखेला किती वाजता पोचला, किती दिवस राहणार, पुढं कुठं जाणार. म्हणून पाहुणा आला की चार फोटो काढून घ्यायचे: पासपोर्टचं माहितीचं पान, ई-व्हिसाचा मंजुरीचा कागद, आगमनाचा शिक्का, आणि त्याचा चेहरा. शिक्क्याचं पान लोक विसरतात. मग आगमनाची तारीख विचारायला पहाटे गुंफेकडं गेलेल्या पाहुण्यामागं फिरावं लागतं.

ई-व्हिसावाल्याच्या पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा नसतो, म्हणून 'व्हिसाच नाही' म्हणत परत पाठवू नका. मंजुरीच्या कागदावर क्रमांक असतो, तो भरा.

नवरा-बायको-दोन लेकरं म्हणजे चार फॉर्म. भरल्यावर पावती छापून वहीत लावा. काही ठाण्यांत छापील प्रतही मागतात, द्यावी, वाद घालू नये. नुसती झेरॉक्स ठाण्यात देऊन ऑनलाइन न भरणं मात्र भरल्यासारखं नाही.


लातूरकर_अण्णा

म्हंजे आमचे पाहुणे दोन रात्री घरी, एक रात्र नांदेडला आणि परत घरी. किती वेळा भरायचं?


फर्दापूर_फाटा

तीनदा, अण्णा. घरी आले तेव्हा तुम्ही. नांदेडला तिथलं यात्री निवास किंवा लॉज. परत घरी आले की पुन्हा तुम्ही. जिथं पाठ टेकली तिथली नोंद.


छावणीपूल

एक बारीक अट कुणी वाचत नाही. ई-व्हिसा संरक्षित क्षेत्र, प्रतिबंधित क्षेत्र आणि छावणी क्षेत्रासाठी वैध नाही असं लिहिलेलं असतं. पहिली दोन मराठवाड्यात नाहीत, पण संभाजीनगरला लष्करी छावणी (कॅन्टोन्मेंट) आहे. छावणी हद्दीतला पत्ता मुक्काम म्हणून देणार असाल तर आधी पोलिसांकडं विचारा. पलीकडं दहा मिनिटांवर शहरात खोल्या आहेत, उगाच कशाला भांडण.


गोदाकाठ

हजूर साहिबला येणाऱ्यांसाठी दोन मुद्दे.

पहिला: अर्जात प्रश्न आहे, आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागातले होते का. पाकिस्तानी पासपोर्ट किंवा पाकिस्तानी मूळ असणाऱ्यांना ई-व्हिसा नाही. त्यांनी आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीतून नेहमीचा व्हिसा काढायचा. आता ज्यांचे आजोबा फाळणीआधी लाहोर किंवा लायलपूरला जन्मले आणि १९४७ ला इकडं आले, ते गोंधळतात. अशांनी अंदाजानं हो-नाही करू नये, वकिलातीला लेखी विचारून उत्तर हातात ठेवावं. खोटं उत्तर नंतर उघड झालं तर व्हिसा रद्द, आणि नंतरच्या अर्जांवरही डाग.

दुसरा: कॅनडा. सप्टेंबर २०२३ ला भारतानं कॅनडाच्या नागरिकांची व्हिसा सेवा थांबवली, नोव्हेंबरमध्ये ई-व्हिसा पुन्हा सुरू केला. धडा असा की मागच्या दसऱ्याला जे चाललं ते या दसऱ्याला चालेल असं धरायचं नाही. अर्जाआधी देशांची यादी उघडायचीच. जथ्याचं तिकीट काढल्यावर नाही, आधी.


तगर

ओसीआयवाल्यांचं (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक असलेले मूळ भारतीय) लिहितो. ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडून दुसरं घेतलं, त्यांचं आजीवन ओसीआय कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, कितीही दिवस राहता येतं, एफआरआरओकडं राहण्याची नोंदणीही नाही. पण कार्ड हा पासपोर्ट नव्हे. चालू परदेशी पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही हातात. २० व्या वर्षाआधी कार्ड काढलेलं असेल तर २० नंतर नवा पासपोर्ट घेतला की कार्डही एकदा नवं करायचं. बाकीच्यांनी २०२१ च्या नियमाप्रमाणं नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, वय ५० नंतर एकदा. तोवर जुना पासपोर्टही बरोबर ठेवलेला बरा.

ओसीआय असूनही संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी लागते. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी मात्र ओसीआयला भारतीयांचंच तिकीट आहे. खिडकीवर कार्ड दाखवा, नाहीतर ६०० रुपयांचं फाडून मिळतं.

आणि ज्यानं ओसीआय काढलंच नाही, फक्त परदेशी पासपोर्ट आहे, त्यानं जुन्या भारतीय पासपोर्टवर यायचा विचारही करू नये. दुसरं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी तो पासपोर्ट बाद. तो जमा करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि पुढं ओसीआयला तेच मागतात.


पितळखोरा

हेतूचं कुणीतरी लिहायला हवं होतं. पर्यटक व्हिसावर बघणं-फिरणं, नातेवाइकांना भेटणं, योगाचा छोटा वर्ग, ६ महिन्यांच्या आतला भाषा-नृत्य-संगीताचा प्रमाणपत्र नसलेला वर्ग, एवढं चालतं. लेण्यांवर पीएचडीचं काम करणाऱ्याला संशोधन व्हिसा लागतो. 'नुसतं बघायला आलो' म्हणत चार महिने मोजमापं घेत बसलं की पुरातत्त्व खातं परवानगीपत्र मागतं, आणि तिथं व्हिसाचा प्रकार उघडा पडतो. माहितीपट, जाहिरात, वाहिनीसाठी चित्रण यालाही वेगळा व्हिसा. परिषदेला येणाऱ्या प्राध्यापकाला ई-परिषद व्हिसा. त्यासाठी आयोजकांनी केंद्राकडून मंजुरी आणायची असते, म्हणून निमंत्रणपत्र दोन महिने आधी हललं पाहिजे.

उपचाराला येणाऱ्याला ई-वैद्यकीय: ६० दिवस, तीन प्रवेश, सोबत दोन मदतनीस. दवाखान्याच्या नावाच्या कागदावर पत्र लागतं, डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही.

जाता जाता: पाहुण्याला ड्रोन आणू नको म्हणून आधीच कळवा. फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनची आयात बंद आहे, सीमाशुल्कावरच अडतो. उपग्रह फोनही नको, त्यात थेट गुन्हा होतो.


बार्शीनाका

पीतज्वर राहिला. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या यादीतल्या देशातून, किंवा तिथं थांबून येणाऱ्याला लसीचा पिवळा दाखला लागतो. लस घेतल्यावर १० दिवसांनी तो वैध होतो. २०१६ पासून एकच लस जन्मभर पुरते. दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात, ६ दिवसांपर्यंत. पासपोर्ट कुठल्या देशाचा याला महत्त्व नाही, आला कुठून याला आहे. म्हणजे नैरोबीहून सुट्टीला येणारा आपला परभणीचा पोरगाही यात आला.


पैठणवेस

पासपोर्ट हरवला तर क्रम चुकवू नका. आधी जवळच्या ठाण्यात तक्रार आणि तिची प्रत. मग वकिलातीतून तात्पुरता प्रवास कागद किंवा नवा पासपोर्ट. मग ई-एफआरआरओवर निर्गमन परवाना, त्याला तक्रारीची प्रत, नवा कागद, जुन्या पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो, फॉर्म सी लागतो. तिकीट सगळ्यात शेवटी. लोक वकिलातीतून कागद मिळाला की थेट विमानतळ गाठतात आणि परवाना नाही म्हणून तिथून परत येतात. फर्दापूर भाऊंनी सांगितलेले ते चार फोटो इथं कामाला येतात, आणि वेळेत भरलेला फॉर्म सीही.


वडगाव_कोल्हाटी

प्रश्न आहे. पाच वर्षांचा ई-व्हिसा आहे, मधे पासपोर्ट नवा झाला. परत पैसे?


वेरूळवाट

नाही ताई. जुना पासपोर्ट बरोबर आणायचा, दोन्ही दाखवायचे, जुन्यावरचा ई-व्हिसा चालतो. जुना जमा होऊन गेला असेल आणि हातात नसेल तर मात्र नवाच काढावा लागेल. फॉर्म सी भरताना क्रमांक नव्या पासपोर्टचा आणि व्हिसा जुन्यावरचा, हे दोन्ही फोटो जवळ ठेवा.


वडगाव_कोल्हाटी

जुना आहे त्यांच्याकडं, कोपरा कापलेला. मंगळवारी येतायत, थेट वेरूळला नेऊ म्हणते.


फर्दापूर_फाटा

ताई, मंगळवारी वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा बंद. मंगळवारी अजिंठा करा, बुधवारी वेरूळ. आणि मुक्काम कुठं करणार ते सांगा, म्हणजे फॉर्म सी कुणी भरायचा ते आत्ताच ठरवता येईल.